बाबा त्या फूटपाथवर का जातात?

प्रिय ताई,

मी पिट्सबर्गला राहते. जन्म इथलाच. मराठी घरात बोलते, पण लिहायला वेळ लागतो, म्हणून हे पत्र तीन दिवस लिहितेय. माझे बाबा ७७ वर्षांचे आहेत. मूळचे कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. १९७१ च्या ऑगस्टमध्ये धातुशास्त्र शिकायला इथे आले आणि पुढे पोलादाच्या धंद्यातच त्यांनी नोकरी केली. आई सात वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून ते माझ्याकडे असतात.

बाबा इथल्या फुटबॉल संघाचे, स्टीलर्सचे, वेडे चाहते आहेत. त्यातही फ्रँको हॅरिसचे. २१ डिसेंबर २०२२ च्या सकाळी फ्रँको गेल्याची बातमी आली तेव्हा बाबा चहा घेत होते. कप खाली ठेवला आणि ओक्साबोक्शी रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हापासून डिसेंबर उजाडला की ते गप्प होतात. २३ तारखेला त्यांना जुन्या स्टेडियमच्या जागी जायचंच असतं. तिथे फूटपाथवर फ्रँकोच्या त्या प्रसिद्ध झेलाची खूण आहे. मागच्या वर्षी बर्फावर घसरून मनगट मोडलं. यंदा मी सांगून टाकलंय, जायचं नाही. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. बाकी जेवतात, फिरायला जातात, रविवारचा सामना बघतात.

उन्हाळ्यात आत्या कोल्हापूरहून आली होती. दिवाणखान्यात फ्रँकोची ३२ नंबरची जर्सी काचेत लावलेली बघून ती म्हणाली, "आई गेली तवा ह्यो आला नाही. आज ह्या खेळाडूच्या जर्सीला फ्रेम, आणि माझ्या आईचा फोटू कपाटात!" बाबा काहीच बोलले नाहीत. आजीचा फोटो त्यांच्या कपड्यांच्या कपाटात, वरच्या कप्प्यात उभा असतो हे खरं आहे. आजी १९७३ च्या संक्रांतीच्या दोन दिवस आधी गेली. बाबांकडे तिकिटाचे पैसे नव्हते. सगळं धाकट्या काकांनी केलं. आत्या तेव्हा बारा वर्षांची होती.

त्या सामन्याबद्दल विचारलं तर बाबा एवढंच सांगतात, "घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात रेडिओवर ऐकला." ती इटालियन आजी होती म्हणे.

ताई, ज्या माणसाशी आयुष्यात दोन वाक्यंसुद्धा बोलणं झालं नाही त्याच्यासाठी इतकं रडायचं, आणि घरच्यांसाठी नाही? हे वयाचं काही आहे का? डॉक्टरांना दाखवू का? आणि यंदा त्यांना जाऊ देऊ का?

— एक लेक, पिट्सबर्ग

प्रिय लेकी,

आधी आजाराचं बोलते, म्हणजे तो घोर मिटेल. जेवण चालू आहे, फिरणं चालू आहे, रविवारचा सामना चुकत नाही, एवढं तूच लिहिलंस. वर्षातले काही दिवस गप्प होणारा म्हातारा माणूस आजारी नसतो. जेवण सुटलं, झोप उडाली, सामन्यातही मन लागेना आणि असं दोन आठवडे चाललं, तर मात्र थांबू नकोस, डॉक्टरांकडे ने. नाहीतर नको. त्यांचं रडणं कुणाला 'दाखवण्याची' गरज नाही.

आता माझं ऐक. तुझं पत्र आल्यावर मी त्या झेलाचं चित्रण शोधून पाहिलं, एकदा नाही, बऱ्याचदा. या खेळातलं मला जे समजलं ते इथे लिहिते, कारण हे सदर वाचणाऱ्या बहुतेकांना फ्रँको कोण ते ठाऊक नाही, आणि तो दिवस डोळ्यांसमोर आल्याशिवाय तुझे बाबा कळायचे नाहीत.

अमेरिकन फुटबॉलमध्ये 'रनिंग बॅक' म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत शिरणारा गडी. फ्रँको हॅरिस तो होता. पेन स्टेट विद्यापीठातून १९७२ साली स्टीलर्सनं त्याला घेतलं. पहिल्याच हंगामात त्यानं हजार यार्डांचा टप्पा ओलांडला. हा संघ १९३३ पासूनचा, आणि तोवर बाद फेरीतला एकही सामना त्यानं जिंकलेला नव्हता. चाळीस वर्षं! गिरणीत बापानं भट्टी सांभाळली, पोरानं सांभाळली, आणि दोघांनी मिळून हरणारा संघ सांभाळला, असं ते शहर.

२३ डिसेंबर १९७२. समोर ओकलंडचे रेडर्स. शेवटच्या सव्वा मिनिटात रेडर्सनी ७-६ अशी आघाडी घेतलेली. बावीस सेकंद उरली, चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि आणखी दहा यार्ड हवेत. स्टीलर्सच्या टेरी ब्रॅडशॉनं अंगावर येणारे चुकवत चेंडू लांब फेकला तो आपल्याच संघातल्या फ्रेंची फुक्वाकडे. चेंडू पोचला त्याच क्षणी रेडर्सचा जॅक टेटम त्याच्यावर आदळला, आणि चेंडू उलटा, मागे उडाला. संपलंच होतं. आणि चित्रणात एक माणूस धावत येतो, खाली वाकतो आणि बुटाच्या उंचीवर तो चेंडू उचलून तसाच पळत सुटतो. तो गोलरेषेपार गेला तेव्हा पाच सेकंद उरली होती. १३-७. चेंडू आधी कुणाला लागला, जमिनीला टेकला की नाही, हे कुठल्याच चित्रणात नीट दिसत नाही. रेडर्सवाले तो निकाल मान्य नसल्याचं जन्मभर सांगत राहिले. येशूची आई मेरी स्वतः तिच्या आईच्या पोटी पापाच्या डागाविना आली, या कॅथलिक श्रद्धेला 'इमॅक्युलेट कन्सेप्शन' म्हणतात, त्यावर श्लेष करून त्या झेलाला 'इमॅक्युलेट रिसेप्शन' म्हणू लागले. ते नावही एका चाहतीनं फोनवरून मायरन कोप या समालोचकाला सुचवलेलं.

मला यातली सर्वांत लागलेली गोष्ट वेगळीच आहे. त्या डावात फ्रँकोचं काम चेंडू पकडणं नव्हतंच. ब्रॅडशॉवर येणाऱ्यांना अडवायचं होतं त्यानं. डाव फसतोय असं दिसल्यावर तो पुढे धावला, कारण कॉलेजच्या प्रशिक्षकानं अंगात भिनवलं होतं, चेंडू जिकडे तिकडे जा. आणि तो झेल कसा घेतला हे त्याला स्वतःला कधीच आठवलं नाही. जागेवरून निघालो हे आठवतं आणि मग एकदम धावतोय हे आठवतं, मधलं काहीच नाही, असं तो पन्नास वर्षं सांगत आला. म्हणजे तो मधला क्षण त्याच्याजवळ नव्हता. बघणाऱ्यांजवळ होता, आणि ज्यांनी पाहिलाही नाही, फक्त ऐकला, त्यांच्याजवळ.

तुझे बाबा त्यांतले. घरच्या मैदानावरचा सामना त्याच शहराच्या टीव्हीवर दाखवायचा नाही असा तेव्हा नियम होता, तिकिटं खपावीत म्हणून. त्यामुळे स्टेडियमबाहेरचं सगळं पिट्सबर्ग रेडिओला कान लावून बसलं होतं. घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात तुझे बाबा बसले होते ते याच कारणानं. चोवीस वर्षांचा मुलगा, येऊन सोळा महिने झालेले. आणि ती आजी इटालियन होती, हे तू जाता जाता लिहिलंस, पण ते जाता जाता सोडण्यासारखं नाही. फ्रँकोची आई इटलीची. युद्धानंतर एका कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकाशी लग्न करून, माहेर समुद्रापलीकडे ठेवून आलेली. म्हणून तर शहरातल्या इटालियन लोकांनी 'फ्रँकोची इटालियन फौज' काढली होती, डोक्यावर लष्करी शिरस्त्राणं आणि हातात इटलीचे झेंडे. त्या स्वयंपाकघरात त्या दुपारी दोन परके होते. ती म्हातारी फ्रँकोला आपला म्हणत होती. तुझ्या बाबांना तिथे आपलं म्हणायला कोण होतं? मला वाटतं, त्या दिवसापासून त्यांनाही तोच.

शिवाजी पेठेतला मुलगा तो. कोल्हापुरात पेठ आणि तालीम म्हणजे काय हे तुझ्या आत्याला विचार. शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीचा फुटबॉलचा सामना असला की घरात चूल उशिरा पेटते. तिथला फुटबॉल वेगळा आणि इथला वेगळा, पण 'आपला संघ' हे काय असतं ते तुझ्या बाबांना कुणी नव्यानं शिकवलं नाही. ते तेवढं सामान घेऊनच आले होते.

आता तुझ्या पत्रातल्या दोन तारखा बघ. तू त्या वेगवेगळ्या ठिकाणी लिहिल्यास, म्हणून तुला जवळजवळ दिसल्या नाहीत. झेल २३ डिसेंबर १९७२ चा. आजी गेली ती संक्रांतीच्या दोन दिवस आधी, म्हणजे १२ जानेवारी १९७३ ला. मधे वीस दिवस.

आणि त्या वीस दिवसांत त्या शहरात आणखी काय झालं ते तुला ठाऊक असेल, पण जोडून बघितलं नसशील. ज्या दिवशी तो झेल झाला त्याच दिवशी, मध्यरात्र नुकतीच उलटलेली असताना, निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपानं कोसळली. पिट्सबर्गचा लाडका बेसबॉलपटू रॉबर्टो क्लेमेंटे भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाला आणि ३१ डिसेंबरच्या रात्री पोर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळ त्याचं विमान समुद्रात कोसळलं. सप्टेंबरअखेरीस, जिथे तो झेल झाला त्याच थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये त्यानं आपला तीन हजारावा फटका मारला होता. त्याच ३१ तारखेला स्टीलर्सही मायामीकडून २१-१७ असे हरले. नव्या वर्षाच्या सकाळी ते सगळं शहर सुतकात होतं. तुझ्या बाबांनी तेव्हा काय पाहिलं असेल याचा विचार कर. दुकानात, बसमध्ये, चर्चच्या पायऱ्यांवर मोठमोठे बाप्ये एका खेळाडूसाठी रडताना. असं रडता येतं, उघड्यावर, आणि कुणी 'तो तुझा कोण' म्हणून विचारत नाही, हे त्यांनी तिथे पाहिलं. आणि पुढच्या दहा-बारा दिवसांत घरून तार आली.

तार आली तेव्हा ते काय करू शकत होते? तिकिटाचे पैसे नाहीत. आईचं तोंड दिसलं नाही, खांदा दिला नाही, अग्नी धाकट्या भावानं दिला. दहावा, तेरावा सगळं हजारो मैलांवर. आपल्याकडे दुःखाला वाट करून द्यायची पद्धत आहे. बायका येतात, बसतात, गळा काढतात, पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळे एका ठिकाणी ताटकळतात. तुझ्या बाबांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. त्यांना दुसऱ्या दिवशी वर्गात जायचं होतं.

मी चुकत असेन. तुझ्या बाबांना मी भेटलेले नाही, आणि कुणाच्या रडण्याचं कारण इतक्या लांबून सांगणं धाडसाचं आहे. पण मला असं वाटतं, की २३ डिसेंबर हा त्यांच्या आयुष्यातला आई असतानाचा शेवटचा मोठा आनंद आहे. त्या दिवशी कोल्हापुरात आई होती. त्या स्वयंपाकघरात उड्या मारताना त्यांच्या मनात कुठेतरी असणारच, की हे घरी लिहून कळवायचं. त्या आनंदाचा माणूस म्हणजे फ्रँको. तो होता तोवर ती दुपार जिवंत होती. तो कुठे लांब गेला नव्हता, त्याच शहरात राहत होता, निवृत्त झाल्यावर तिथेच त्यानं धंदा काढला, समारंभांत दिसायचा, लोकांना भेटायचा. तो गेला तेव्हा त्या दुपारचं दार लागलं.

आणि बघ तो कधी गेला. झेलाला पन्नास वर्षं व्हायला जेमतेम तीन दिवस होते. २४ डिसेंबरला त्याच रेडर्सविरुद्धच्या सामन्यात त्याचा ३२ नंबर कायमचा निवृत्त होणार होता. इतक्या वर्षांत या संघानं तोवर दोनच नंबर असे बाजूला ठेवले होते, अर्नी स्टाउटनरचा ७० आणि जो ग्रीनचा ७५. सगळी तयारी झालेली. आणि तो झोपेत गेल्यासारखा रातोरात गेला. समारंभ झाला, पण बायको आणि मुलगा त्याच्याविना उभे राहिले. खेळाडू ३२ नंबरच्या जर्सी घालून मैदानावर आले. थंडी उणे दहाच्याही खाली, आणि तरी माणसं आली. सामना १३-१० असा जिंकला, तोही शेवटच्या मिनिटात. या सगळ्याला तुझे बाबा रडले नसते तरच मला त्यांची काळजी वाटली असती.

चाहत्यांचं प्रेम आंधळं असतं म्हणतात, मला ते पटत नाही. फ्रँकोच्या बाबतीत तर नाहीच. चार सुपर बोल, म्हणजे या खेळातले अजिंक्यपदाचे अंतिम सामने, जिंकून देणारा हा माणूस, त्यातल्या पहिल्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू, १९८४ मध्ये पैशांच्या वादावरून संघाबाहेर गेला आणि शेवटचे आठ सामने सिएटलकडून खेळला. चेंडू घेऊन धावलेल्या १२,१२० यार्डांवर त्याची कारकीर्द थांबली. जिम ब्राउन या आधीच्या रनिंग बॅकचा विक्रम १२,३१२ चा. फक्त १९२ यार्ड राहिले. हे पिट्सबर्गला माहीत आहे, तुझ्या बाबांना तर आकड्यासकट पाठ असेल. अपुरं राहिलेलं, रुसून गेलेलं, सगळं धरून त्यांनी त्याला आपलं मानलं. विमानतळावर जॉर्ज वॉशिंग्टनच्या शेजारी त्याचा पुतळा उभा केला. आणि तुझे बाबा पोलादातले. त्याच वर्षांत एकेक कारखाना बंद पडत होता, १९८६ ला होमस्टेडसुद्धा. जवळची माणसं पोटासाठी टेक्सास, फ्लोरिडा कुठे कुठे पांगली आणि जाताना फक्त स्टीलर्सचे चाहते फडकावतात तो पिवळा टॉवेल घेऊन गेली. तुझ्या बाबांनी हे एकदा आधीच केलं होतं ना? गाव सोडताना काय नेता येतं आणि काय नाही, हे त्यांना इतरांच्या आधी कळलेलं होतं.

आता माझी एक चूक सांगते. १९८० च्या ३१ जुलैला मोहम्मद रफी गेले. आम्ही तेव्हा दादरला दोन खोल्यांत राहत होतो. दुसऱ्या दिवशी बाहेर धो धो पाऊस, आणि माझी आई पीठ मळायचं सोडून रेडिओसमोर बसलेली, हाताला कणीक तशीच, वाळून पांढरी झालेली. डोळ्यांतून पाणी. मी कॉलेजात होते, मला सगळं कळत होतं असं मला वाटायचं. मी म्हटलं, "अगं, तो तुझा कोण?" आईनं उठून रेडिओ बंद केला, हात धुतले आणि पोळ्या करायला घेतल्या. त्यानंतर ती वीस वर्षं होती. रफीचं गाणं लागलं की माझ्यासमोर ती काही बोलायची नाही. त्या गाण्यांच्या मागे कोणतं घर होतं, कोणतं वय होतं, कोण माणूस होतं, मला आजही ठाऊक नाही. एका प्रश्नानं मी ते दार स्वतःच लावून घेतलं. तू अजून तो प्रश्न बाबांना विचारलेला नाहीस. मला विचारलास. बरं केलंस.

आत्याचं काय करायचं? तिच्यावर रागावू नकोस. बारा वर्षांची पोर होती ती. आई गेली, आणि मोठा भाऊ येईल म्हणून ती दाराकडे बघत बसली असणार. त्या वयात तिकीट, पैसे, व्हिसा काही कळत नाही, दादा आला नाही एवढंच कळतं. ते तिनं बावन्न-त्रेपन्न वर्षं पोटात ठेवलं आणि तुझ्या दिवाणखान्यात ती काच बघून ते बाहेर आलं. जर्सीशी तिचं भांडण नाही. तिला विचारायचंय, 'दादा, तुला आईचं वाईट वाटलं होतं का रे?' ते विचारायची भीती वाटते, म्हणून ती फोटोबद्दल बोलली.

आणि तो फोटो. कपड्यांच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, उभा. लेकी, दिवाणखान्यातल्या भिंतीकडे माणूस आठवड्यातून एकदा नीट बघतो. कपड्यांचं कपाट रोज सकाळी उघडावं लागतं. शर्ट काढताना पहिल्यांदा कुणाचं तोंड दिसतं? बाबांनी आईला कुठे ठेवलंय ते तू लिहिलंस, पण बघितलं नाहीस. तो फोटो तिथून हलवू नकोस. हार घालून बाहेर लावायचा असेल तर तो त्यांनी लावावा, त्यांना वाटेल तेव्हा.

तुझंही एक दुखणं या पत्रात आहे. आईच्या वेळी बाबा असे रडले नाहीत, हे वाक्य तू पटकन लिहून पुढे गेलीस. तो राग तुझा आहे, आत्याचा नाही, आणि तुला तो असायचा हक्क आहे. पण आई गेली तेव्हा बाबांना सत्तरी लागलेली. दवाखाना, कागदपत्रं, लोकांचे फोन, आणि समोर तू. लेकीसमोर बापानं कोसळायचं नाही असं त्या पिढीचं असतं. ते एकटे असताना काय झालं असेल ते तुला मला माहीत नाही. २०२२ च्या त्या सकाळी चहाचा कप खाली ठेवला तेव्हा त्यांचा धीर सुटला. जो धीर सुटला तो एकाच माणसापुरता होता असं धरून चालू नकोस. तुझ्या आईसाठीचं पाणीही त्यात असेल. हे त्यांना लगेच विचारू नकोस, पुढे कधीतरी विचार.

आता २३ तारीख. त्यांना जाऊ देऊ का, असं तू विचारलंस. जाऊ दे असं मी म्हणणार नाही. तू त्यांना घेऊन जा. मनगट मोडलं होतं, तेव्हा तुझी भीती खरी आहे, आणि 'जायचं नाही' हे तू रागानं नाही, भीतीनं म्हणालीस हे त्यांना सांग. तेवढं सांगितलंस तरी बोलणं सुरू होईल. मग बुटांना लावायचे काटे मिळतात ते दोन जोड्या आण, एक तुला. काठी घ्यायला ते नाही म्हणतील, तर काठी तू धर आणि तुझा हात त्यांना दे. गाडी जितकी जवळ नेता येईल तितकी ने. कानटोपी, दोन थर मोजे, थर्मासमध्ये चहा. अर्ध्या तासाच्या वर थांबायचं नाही, हे घरून निघतानाच ठरवा. हवामान फारच बिघडलं, रस्ते काचेसारखे झाले, तर त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशी जायचं, हेही आधीच बोलून ठेवा. तारखेला हट्टी असतील, पण ऐकतील. तू बरोबर येतेस म्हटल्यावर ऐकतील.

तिथे स्टेडियम राहिलेलं नाही. २००१ च्या फेब्रुवारीत ते सुरुंग लावून पाडलं. उरली आहे ती फूटपाथवरची खूण, आणि दर वर्षी तिथे जमणारी माणसं. त्यांच्याकडे बघ. बरीचशी बाबांच्या वयाची असतील, एकमेकांना नावानं ओळखत नसतील, पण त्या दुपारी कुठे होतो हे प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत असेल. तू मधे बोलू नकोस. बाबा एखाद्या अनोळखी माणसाला त्या स्वयंपाकघराबद्दल सांगतील, जे तुला कधी सांगितलं नाही ते. तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस. परक्याला सांगणं सोपं जातं. तू फक्त ऐक. टेबल कुठे होतं, रेडिओ कसला होता, ती इटालियन आजी तेव्हा काय रांधत होती.

घरी येताना गाडीत एक गोष्ट विचार. सामन्याबद्दल नको. विचार, की बाबा, त्या संध्याकाळी तुम्ही घरी पत्र लिहिलंत का?

लिहिलं असेल तर ते निळं हवाई पत्र असणार. तेव्हा ते पोचायला दहा-बारा दिवस, कधी त्याहून जास्त लागायचे. २३ डिसेंबरला लिहिलेलं पत्र शिवाजी पेठेत साधारण कधी पडलं असेल, हे तू मोज. आजीच्या हातात पडलं असेल, किंवा थोडक्यात चुकलं असेल. बाबांना ते माहीत असेलच असं नाही. माहीत असेल ती एकच व्यक्ती आहे.

त्या रात्री आठला आत्याला फोन लाव. तिकडे २४ ची सकाळ, साडेसहा वाजलेले असतील, ती उठून चहा टाकत असेल. बाबांना शेजारी बसव, पण बोलायला तू सुरुवात कर. जर्सीबद्दल नको, फोटोबद्दल नको. एवढंच विचार, की आत्या, आजी गेली त्या जानेवारीत दादाचं एखादं निळं पत्र घरी आलं होतं का, आणि ते कुणी वाचून दाखवलं? आणि मग फोन बाबांच्या हातात दे.

— तुझी ताई